भिंतीकडे तोंड केलेलं वजन

मी एक जुनी तागडी आहे, मित्रांनो, आणि आधी माझं गाऱ्हाणं ऐकून घ्या. गाऱ्हाणं कर्टिसबद्दल आहे. हा बावन्न वर्षांचा बाप्या आईच्या घरी येऊन चार दिवस झाले. चारही दिवस आत शिरला की तो आपली घामट टोपी माझ्या दांडीवर टांगतो. दाराशी खुंटी आहे. खुंटी रिकामी असते. पण एवढी दोन पावलं मागे जायची त्याची तयारी नाही.

माझी दांडी पोलादाच्या धारेवर टेकलेली असते. ती धार एवढी नाजूक, की माझा मालक राइनहोल्ड जिवंत असताना तिच्यावर फुंकरसुद्धा घालत नसे, कुंचल्याच्या एका केसानं झाडत असे. तिच्यावर आता टोपी. मी काही बोलत नाही. मला बोलता येत नाही म्हणून नव्हे. अशा माणसाशी काय बोलायचं, म्हणून.

मी शिकलेली नाही. माझ्या दांडीवर जे आकडे कोरले, तेवढीच माझी शाळा. पण त्या आकड्यांत मला कुणी फसवू शकत नाही. मला दोन पारडी नाहीत, एकच आहे. दांडीवर खाचा आहेत, खाचांतून सरकणारी दोन वजनं आहेत, एक मोठं, एक धाकटं. मी ग्रेनमध्ये मोजते. एक ग्रेन म्हणजे तुमच्या सोनाराच्या अर्ध्या गुंजेएवढा. त्या ग्रेनचेही मी दहा भाग करते. पारड्यात एक दाणा जास्त पडला तर माझा काटा रेघेवरून हलतो. हे मी गर्वानं सांगते, आणि गर्व का करू नये, ते पुढे बघालच.

मला एका कारखान्यात बनवलं, तिथे माझ्यासारख्या शेकडो होत्या. पेटीत बसून मी आगगाडीनं साउथ डकोटात आले आणि गावातल्या अवजारांच्या दुकानात, खिळ्यांच्या डब्याशेजारी पडून राहिले. एकोणीसशे चौसष्ट साल होतं. एक उंच, खांदे पडलेला तरुण आला. त्यानं मला उचललं, पारड्यात आपल्या डोक्यावरचा एक केस टाकला आणि काटा हलतो का ते वाकून पाहिलं. काटा हलला. त्यानं दुकानदाराला एक शब्दही न बोलता मला काखेत मारलं. तो राइनहोल्ड हॉइपल. एवढा कमी बोलणारा माणूस मी पुढे कधी पाहिला नाही.

त्याच्या घरी त्याची नवी बायको होती, अल्विना. ती पाचवीपर्यंत शिकलेली, आणि तोंड मात्र दहा जणींचं.

"हे काय आणलंस?" ती म्हणाली.

"तागडी."

"मला पिठाला तागडी हवी होती."

"ही पिठाची नाही. काडतुसांची."

"मग मी काय भाकरीला बंदुकीची दारू लावू?"

तेव्हापासून आम्ही दोघी एका घरात सवतींसारख्या राहिलो. ती मला कधी तागडी म्हणाली नाही. बया म्हणायची. तुझी ती बया.

आता माझं काम काय, ते सांगते. हॉइपलांचं कुरण मोठं होतं, आणि त्या कुरणात बिळं करून राहणारे प्राणी होते. खारीच्या कुळातले, मांजराएवढे. भुंकतात म्हणून इथले लोक त्यांना कुत्रेच म्हणतात. ते गवत मुळासकट खातात आणि जमिनीची चाळण करून टाकतात. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात अल्विनाच्या माहेरची घोडी, ट्रूडी, अशाच एका बिळात पाय जाऊन पडली. पाय मोडलेल्या घोडीला वाचवता येत नाही. राइनहोल्डनं बापाची जुनी बंदूक घेतली आणि ते काम केलं. मग त्यानं लहान तोंडाची, लांब नळीची एक रायफल आणली, आणि तिच्यासाठी काडतुसं घरीच भरायचं ठरवलं.

दुकानातली काडतुसं मिळत होती की. पण ती सगळ्या बंदुकांसाठी केलेली असतात, आणि कुठलीच बंदूक दुसरीसारखी नसते. एकीला जे मानवतं ते दुसरी थुंकून टाकते. कुरणातला प्राणी दूर असतो, उभा राहिला तरी वीतभर दिसतो. गोळी बोटभर सरकली तर तो मरत नाही, अर्धमेला होऊन बिळात घुसतो आणि तिथे दोन दिवस तडफडतो. राइनहोल्डला ते चालत नसे. "मारायचं तर कळू न देता," तो म्हणायचा. त्याच्या आयुष्यातल्या लांब वाक्यांपैकी हे एक.

स्वयंपाकघराच्या मागे दूध घुसळायच्या यंत्राची एक खोली होती. खाली सिमेंट, एक खिडकी, खिडकीशी जाड फळ्यांचं टेबल. तिथे मला बसवलं. माझ्या डाव्या हाताला हातदाबाचं यंत्र, त्यात झडलेली पितळी पुंगळी घालून पुन्हा मापात आणायची. पुंगळीच्या बुडाला नवी टोपी बसवायची, ती ठिणगी देते. मग माझ्याकडे यायचं. टेबलावर दारूचा डबा एकच असायचा, दुसरा कपाटात कुलपात. हा नियम मोडलेला मी कधी पाहिला नाही. राइनहोल्ड दार लावायचा, खिडकी लावायचा, आणि चमच्यातून दारूचे करडे दाणे माझ्या पारड्यात सोडायचा. शेवटचे पाच-सात दाणे तो चमच्याला नखानं टिचकी मारून एकेक करून पाडायचा. काटा रेघेवर आला की थांबायचा. मग दारू पुंगळीत, वर गोळी, आणि काडतूस लाकडी ठोकळ्यातल्या भोकात उभं.

अशा वेळी अल्विनाला आत यायची बंदी होती. दार उघडलं की वारा येतो, वारा आला की मी डोलते.

"तुझ्या त्या बयेपुढे आता श्वाससुद्धा विचारून घ्यायचा का?" ती दाराबाहेरून ओरडायची.

"हळू घे," तो आतून म्हणायचा.

पण मित्रांनो, भरणारा तो असला तरी बार काढणारी ती होती. हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. राइनहोल्ड चाप ओढताना डोळे मिटायचा. अल्विनाचा नेम मात्र असा, की ती लोणच्याच्या बरणीचं झाकण लावताना जेवढा विचार करेल तेवढाच विचार करून गोळी मारायची. म्हणून त्यांची वाटणी झाली. तो दारूची मापं दिलेल्या पुस्तकातल्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरुवात करायचा. त्या वजनाची पाच काडतुसं, मग एक रेघ वर, त्याची पाच, मग आणखी एक रेघ. बाहेर शंभर यार्डांवर गवताच्या भाऱ्याला कागद टाचलेला. ती पाच बार काढायची, नळी निवेपर्यंत थांबायची, पुन्हा पाच. ती थांबलेली असताना दोघं पायरीवर बसून पत्ते खेळत, आणि ती हमखास जिंकायची.

कागद आत यायचे, माझ्यासमोर पसरायचे. पहिल्यात पाच भोकं ताटलीएवढ्या जागेत. पुढच्यात बशीएवढ्या. मग एका रेघेवर ती भोकं एकमेकांजवळ सरकायची, जशी थंडीत गुरं सरकतात. त्यापुढे आणखी एक रेघ चढवली, की पुन्हा पांगायची. राइनहोल्ड पेन्सिलनं वहीत लिहायचा. तारीख, माझा आकडा, वारा, ऊन. पाऊण वर्ष लागलं. एके दिवशी अल्विनानं कागद आणून माझ्या पारड्याशेजारी आपटला. पाच गोळ्यांचं मिळून एक भोक. खिशातलं सगळ्यात लहान नाणं ठेवलं तर झाकलं जाईल एवढं.

"झालं तुझ्या बयेचं समाधान?" ती म्हणाली.

राइनहोल्डनं कागद भिंतीला टाचला. गावातल्या चहाकॉफीच्या दुकानात लोक म्हणाले, काय राइनहोल्डची बंदूक आहे. अल्विनानं ते ऐकलं. घरी येऊन मला म्हणाली, "लोकांना तुझंही नाव माहीत नाही आणि माझंही." आमच्यात गोड बोलणं झालं, ते एवढंच.

अशी चोवीस वर्षं गेली. मुलं झाली, कर्टिस आणि जोलीन. मग अठ्ठ्याऐंशी साल आलं.

जोलीनचं चर्चमध्ये दृढीकरण होतं, मोठी झालेली मुलं धर्माची शपथ घेतात ते, आणि घरी चाळीस माणसं जेवायला. अल्विनानं कूखन, म्हणजे साईचे गोड केक, केले होते, गोल, पिवळे, वर दालचिनी भुरभुरवलेले. एकोणीस थाळ्या. स्वयंपाकघरात ठेवायला जागा राहिली नाही. राइनहोल्ड गुरांकडे होता. तिनं खांद्यानं दार ढकललं, दोन हातांत दोन गरम थाळ्या, आणि कोपरानं मला बाजूला सरकवलं. "हल गं बये," म्हणाली. मी हलले. माझं मोठं वजन खाचेतून निसटलं आणि सिमेंटवर पडलं.

वजन ओतीव होतं. त्याचा एक कोपरा उडाला, मसुराच्या डाळीएवढा.

ती खाली बसली. तिनं वजन उचललं, फुंकलं, तुकडा शोधला. तुकडा तिनं एप्रनच्या खिशात टाकला. वजन पुन्हा खाचेत बसवलं आणि फिरवून ठेवलं, फुटका कोपरा भिंतीकडे, साजरी बाजू पुढे. मला पुन्हा जाग्यावर ओढलं. माझ्याकडे रोखून पाहिलं, जणू मी चुगली करणार आहे. मग थाळ्या उचलून निघून गेली. हॉइपलांच्या घरात त्या बाईनं कधी कुणाची माफी मागितली नव्हती, आणि त्या दिवशी तर घरात चाळीस माणसं होती.

आता राइनहोल्डची एक रीत ऐका. त्यानं एक गोळी बाजूला काढून ठेवली होती, माझ्याच पायथ्याशी, एका लहान डबीत. तिचं वजन त्याला पाठ होतं. काम सुरू करण्याआधी रोज तो ती माझ्या पारड्यात ठेवायचा. मी ठरलेला आकडा दाखवला की पुढे जायचा. सोमवारी तो आला. आधी रिकाम्या पारड्यानं काटा पाहिला. काटा रेघेवर नव्हता. पायाचा स्क्रू फिरवून त्यानं तो आणला. मग गोळी ठेवली. गोळी जड भरली.

त्यानं गोळी उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा जड. मित्रांनो, मोजणारं वजन हलकं झालं की मोजली जाणारी वस्तू जड दिसते. हे त्याला सांगावं लागत नव्हतं. त्यानं मोठं वजन दोन बोटांनी फिरवलं आणि कोपरा पाहिला.

स्वयंपाकघरात अल्विना गात होती. ती एरवी गात नसे.

 कारखान्याला पत्र टाकलं असतं तर नवं वजन आलं असतं. टपालानं, पुडक्यात. पण पुडकं पोस्टमनकडून अल्विनाच घेत असे. त्यानं वजन पुन्हा फिरवलं, फुटका कोपरा भिंतीकडे, तिनं ठेवला होता तसाच. वही उघडली आणि एक ओळ लिहिली. मग चोवीस वर्षांचे सगळे आकडे बाजूला ठेवून तो पुस्तकातल्या सगळ्यात खालच्या आकड्याच्याही खाली उतरला आणि तिथून पुन्हा सुरू झाला. आता माझा अर्धा ग्रेन खोटा होता, पण तो रोज तेवढाच खोटा होता. त्याला तेवढं पुरत होतं.

"पुन्हा पहिल्यापासून का रे?" अल्विनानं विचारलं. तिचा आवाज जरा बारीक होता.

"बंदुकीची आवड बदललीय," तो म्हणाला.

"या वयात?"

"होतं असं."

 तिला वाटलं, याला कळलं नाही. त्याला वाटलं, तिला कळू नये. ते दोघं पुढे एकतीस वर्षं एकाच टेबलाशी येत-जात राहिले, ती माझ्याकडे न पाहता आणि तो माझं वजन भिंतीकडे वळवत. खरं काय ते मला एकटीला माहीत होतं. तुम्हाला वाटेल, दोघांचं गुपित जपणं हा केवढा मान. मान आहेच. पण जे दोघांनाही सांगता येत नाही, ते घेऊन बसणं फार एकाकी असतं.

पुढच्या वसंतात पुन्हा एक भोक आलं. तोच आकार. दुसरा कागद पहिल्याशेजारी लागला.

दोन हजार एकोणीसच्या मार्चमध्ये राइनहोल्ड गेला. बर्फ वितळत होतं. त्याचा चष्मा माझ्या शेजारी राहिला होता, तो अल्विना चार दिवसांनी घेऊन गेली.

ठोकळ्यांत त्यानं भरलेली दोनशे काडतुसं होती. ती आत यायची, एक घ्यायची, दुपारी कुरणाकडे जायची. पहिल्या उन्हाळ्यात रोज एक. मग आठवड्याला एक. मग महिन्याला. बिळं वाढत गेली, पण तिचा हात ठोकळ्याकडे जायला नको म्हणायचा. शेवटी पाच उरली. त्यानंतर ती यायची, त्याच्या स्टुलावर बसायची, पाच काडतुसांकडे बघायची आणि रिकाम्या हातानं परत जायची. एकदा म्हणाली, "बये, तुला भरता येतं का गं?" मला भरता येत नाही. मी फक्त मोजते.

मग तेही येणं थांबलं. माझ्या पारड्यात धूळ बसू लागली. धुळीलाही वजन असतं, मित्रांनो, आणि दुसरं काही मोजायला नव्हतं म्हणून मी तीच मोजत होते. दीड वर्षात माझा काटा दोन रेघा खाली उतरला. कुणी पाहिलं नाही. एक उंदीर आला, माझ्या पायाशी चिंध्यांचं घर करून राहिला आणि तोही हिवाळ्यात निघून गेला.

आणि मग आला कर्टिस.

वाईट नाही तो. रॅपिड सिटीत त्याची नोकरी आहे, त्याला वाटतं आईनं तिकडे यावं, एकटी राहू नये. शनिवारी आवारात लिलाव ठेवलाय, घरातलं सगळं गवताच्या गाडीवर मांडायचं. बंदूक मात्र शेजारच्या आर्लो टॉफ्टला आधीच हवी होती. आर्लो अल्विनाच्याच वयाचा, तिच्याबरोबर शाळेत होता आणि अजून तिच्या चुका काढतो.

"नेम बघून घेतो," आर्लो म्हणाला होता. "राइनहोल्डच्या कागदासारखं भोक पाडलं तर नेतो. नाहीतर माझी म्हातारीच बरी."

"कुठली म्हातारी, बायको की बंदूक?" अल्विनानं विचारलं.

"दोघींचा नेम चुकतो," आर्लो म्हणाला.

कर्टिसनं शहरातून एक चपटं यंत्र आणलं होतं. त्यात वजन आकड्यांत उजळतं. दांडी नाही, धार नाही, काही नाही. ते त्यानं माझ्याजागी ठेवलं आणि मला कोपऱ्यात सरकवलं, तेव्हापासून मी टोपीची खुंटी. वडिलांची वही उघडून त्यानं शेवटचं पान पाहिलं. शेवटचा आकडा घेतला, त्याच डब्यातली दारू, यंत्रावर नेमका तेवढा आकडा उजळवला, दहा काडतुसं भरली. एक रेघ खालून सुरू करावं, आपला काटा वेगळा आहे, हे त्याच्या मनातही आलं नाही. आकडा म्हणजे आकडा, असं त्याला वाटलं. काडतुसं भरणाऱ्या माणसानं करू नये ती हीच चूक.

बाहेर तीन बार झाले आणि तो परत आला. बंदुकीची खिट्टी उघडत नव्हती, हातोडीच्या दांड्यानं ठोकून उघडावी लागली. पुंगळीच्या बुडाची टोपी दबून चपटी झाली होती. दारू जास्त झाली की असं होतं. आणखी जास्त झाली असती तर काय झालं असतं, ते मी सांगत नाही. कागदावर तीन भोकं तीन गावांना.

"नळी गेली हिची," तो म्हणाला.

मग त्याची नजर ठोकळ्यावर गेली. बापानं भरलेली पाच काडतुसं. त्यानं चिमट्यानं गोळ्या उपसल्या. पाचही. आईला न विचारता. पाच पुंगळ्यांतली दारू त्यानं पाच बाटल्यांच्या झाकणांत ओतली आणि आपल्या यंत्रावर तोलली. मला डोळे मिटता येत नाहीत म्हणून मी पाहिलं.

अल्विना आणि आर्लो दारात येऊन उभे राहिले तेव्हा गोळ्या टेबलावर लोळत होत्या. तिनं त्या मोजल्या. 

"बघ आई, कळलं मला," कर्टिस म्हणाला. "वहीत लिहिलंय एक आणि भरलंय दुसरंच. अर्धा ग्रेन कमी. शेवटी शेवटी बाबांचा हात सुटला होता."

"म्हातारपण," आर्लो म्हणाला. "माझाही सुटलाय."

"तू गप्प बस, आर्लो," ती म्हणाली. मग कर्टिसकडे वळली. "किती कमी?"

"सांगितलं ना, अर्धा ग्रेन."

"कुठलं काडतूस?"

"पाचही."

"पाचही तेवढीच?"

"हो. काटेकोर तेवढीच."

"मग हात कसा सुटला?" अल्विना म्हणाली. "हात सुटलेल्या माणसाची पाच काडतुसं एकसारखी येतात? माझ्या हातच्या भाकरी बघ हल्लीच्या, दोन सारख्या नाहीत."

 ती माझ्याकडे आली. टोपी उचलून जमिनीवर टाकली. पदरानं नाही, इथे पदर नसतो, बाहीच्या टोकानं तिनं माझं पारडं पुसलं. दीड वर्षाची धूळ गेली आणि मी वर आले. तिनं एक झाकण उचललं आणि त्यातली दारू माझ्या पारड्यात ओतली. मोठं वजन सरकवलं, धाकटं सरकवलं, वहीतल्या आकड्यावर. दार लावायला ती विसरली नाही. आम्ही सगळे थांबलो. माझा काटा वर गेला, खाली आला, वर गेला, आणि रेघेवर उभा राहिला.

"हिच्यावर बरोबर आहे," आर्लो म्हणाला.

"मग ही खोटी आहे," कर्टिस म्हणाला. "माझं यंत्र नवं आहे, आई. जुन्या वस्तू बिघडतात."

खोटी. एकोणसाठ वर्षांनी मला हे ऐकायचं होतं. पण अल्विनाचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. तिनं माझं मोठं वजन दोन बोटांत धरलं होतं आणि ते खिडकीच्या उजेडात हळूहळू फिरवत होती. कोपरा समोर आला. तो बघायला तिला पस्तीस वर्षं लागली, आणि तो कुठे आहे हे तिला पस्तीस वर्षं माहीत होतं.

मग तिनं वही ओढली. त्या वहीला तिनं आजवर हात लावला नव्हता, ती त्याची होती. ती पानं मागे मागे उलटत गेली. वाचायला तिला वेळ लागतो, बोट ठेवून वाचते. जोलीनच्या दृढीकरणाची तारीख मात्र तिला शोधावी लागली नाही. तिथे बोट थांबलं. राइनहोल्डच्या बारीक पेन्सिलीत एवढंच होतं: "मोठ्या वजनाचा कोपरा गेला. सगळं पहिल्यापासून. अ.ला विचारायचं नाही."

ती खाली स्टुलावर बसली. कर्टिस म्हणाला, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. पाच पुंगळ्या घे. हिच्यावर भर. खिडकी लाव. आणि श्वास हळू घे."

त्यानं वाद घातला नाही. त्या आवाजापुढे मी कुणालाच वाद घालताना पाहिलेलं नाही. आधी तिनं उपसलेल्या पाचही काडतुसांतली दारू जिच्या तिच्या पुंगळीत परत घालायला लावली आणि वर गोळ्या बसवून घेतल्या. ती पाच ठोकळ्यात जागच्या जागी गेली. मग नवी पाच. शेवटचे दाणे तो बोटानं टिचकी मारून पाडायला शिकला. तीनदा चुकला, तीनदा ओतून पुन्हा घेतलं. कितीतरी दिवसांनी माझ्या पारड्यात काहीतरी मोलाचं आलं होतं.

मग ती तिघं बंदूक घेऊन बाहेर गेली आणि मी एकटी राहिले.

मित्रांनो, ती बसून राहण्याची वेळ मला तुम्हाला नीट सांगता येणार नाही. मी लाकूड नाही, माती नाही, मला ऐकू येतं. पहिला बार. दुसरा. बाहेर वारा होता, ती वाऱ्यासाठी थांबत असणार. तिसरा. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, तिचे डोळे भरले असतील आणि ती उठून गेली असेल. किंवा खिट्टी अडकली असेल आणि मी खरंच खोटी असेन. जुन्या वस्तूला कोपऱ्यात टाकता तेव्हा ती हेच करते, बसून स्वतःवर संशय घेते. तिला खोटी म्हणण्याआधी एवढं तरी विचारा, की ती कुणी सांभाळली आणि फुटलेली असूनही का सांभाळली. चौथा बार झाला. लगेच पाचवा.

दार उघडलं. आर्लो आधी आत आला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. मागून कर्टिस, त्याच्या हातात कागद. त्यानं तो माझ्यासमोर ठेवला. एकच भोक. अल्विनानं खिशातून सगळ्यात लहान नाणं काढलं, भोकावर ठेवलं. भोक झाकलं गेलं.

"नेतो मी बंदूक," आर्लो म्हणाला. "आत्ता नेतो."

"कुणी मारल्या या गोळ्या, आर्लो?" तिनं विचारलं.

"तूच की. डोळ्यांनी पाहिलं."

"मग भिंतीवरच्या त्या दोन कागदांवरच्या पण मीच मारल्यात. गावात सांग."

तिनं माझं मोठं वजन फिरवलं. फुटका कोपरा पुढे, खोलीकडे. तो तसाच ठेवून ती मुलाकडे वळली. पाठ ताठ, हात कमरेवर, आणि आर्लो ऐकत असताना मोठ्यानं म्हणाली:

"कर्टिस, तुझ्या बापाचा हात कधीच सुटला नाही. सुटला तो माझा, कूखनच्या दोन थाळ्यांपायी, आणि त्यानं ते असं झाकलं की आजपर्यंत मला पत्ता लागला नाही. त्याची चोवीस वर्षांची मेहनत मी मोडली, तर त्यानं ती गुपचूप पुन्हा उभी केली. आणि तू शेवटचं एक पान वाचून त्याला शेजाऱ्यासमोर नालायक ठरवलंस. बंदूक विकायची नाही. तागडी विकायची नाही. मीही कुठे जायची नाही. आता खाली वाक, तुझी टोपी उचल आणि खुंटीला लाव."